उसाची ट्रॉली वाटेत बसली तर…



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या भागातल्या रस्त्यांचे रूपच पालटते. रात्र नाही, दिवस नाही, उसाची वाहने एकामागे एक कारखान्याच्या वाटेला लागलेली असतात. महाराष्ट्रात सहकारातला पहिला साखर कारखाना १९५०-५१ साली प्रवरानगरला सुरू झाला, त्या काळात उसाचे वाहन म्हणजे बैलगाडी. गाडीत ऊस टन-दीड टन. आख मोडला तर बैल सोडायचे, चार माणसांनी गाडी कडेला रेटायची, की रस्ता मोकळा.

आता तसे राहिले नाही. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, आणि दोन्हींत मिळून वीस टनांच्या आसपास ऊस. असे धूड अंधारात रस्त्याच्या मधोमध बसले तर चार काय, चाळीस माणसांनाही हलत नाही. अशा वेळी घाबरून, चिडून किंवा घाईने काही करण्यापेक्षा काय करायचे ते आधीच ठाऊक असलेले बरे. म्हणून हा लेख. तो लिहिण्याचे माझे स्वतःचेही एक कारण आहे, ते शेवटी सांगेन.

नुकसान कोणाचे?

पुष्कळ सभासद म्हणतात, "ट्रॉली वाहतूकदाराची, टायर त्याचा, आपलं काय जातंय?" बंधूंनो, आपलेच जाते. तुटलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळला गेला पाहिजे. उसाला कोयता लागला की त्याच घडीपासून त्यातले पाणी उडू लागते आणि वजन घटते. हे घटलेले वजन काट्यावर आपल्याच नावावर लागते. दुसरे असे की, कापलेल्या टोकांतून जंतू शिरतात, उसातली साखर फुटून तिचे ग्लुकोज-फ्रुक्टोज होते आणि त्याचे दाणे धरत नाहीत. जळालेल्या उसाचे तर फारच लवकर बिघडते. उसाची एफआरपी कारखान्याच्या साखर उताऱ्यावर ठरते आणि तोडणी-वाहतुकीचा खर्चही त्यातूनच वजा होतो. तेव्हा एकाची ट्रॉली दोन दिवस रस्त्यात वाळली, तर त्याचा वाटा थोडाथोडा का होईना सगळ्यांच्याच ताटातून जातो.

पण हे झाले पैशाचे. खरे नुकसान माणसाचे. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला अंधारात बसलेली ट्रॉली दिसतच नाही. उसाचा रंग आणि रात्रीचा रंग एकच. तो मोटारसायकलवाला कोण असतो? पाण्याची पाळी धरून घरी निघालेला आपलाच सभासद, नाहीतर कॉलेजातून परतणारे आपलेच पोर.

ट्रॉली बसण्याआधी सांगते

ट्रॉली एकाएकी मोडत नाही, आधी ती सांगत असते. चाकातून कुरकुर येते, जळक्या ग्रीसचा वास येतो, चाक डुगडुगते, ट्रॉली एका अंगाला झुकते. पण ड्रायव्हरने कर्कश आवाजात गाणी लावलेली असली तर त्याला मागचा हॉर्नही ऐकू येत नाही, मग बेअरिंगची कुरकुर कोठून ऐकू येणार? तेव्हा भरल्या वाहनावर गाणी बंद, हा पहिला नियम.

फडातून निघाल्यावर चार-पाच किलोमीटरवर एकदा थांबावे आणि सगळ्या चाकांच्या हबला हाताची मागची बाजू लावून पाहावी. नुसते कोमट असेल तर काळजी नाही. एकच हब बाकीच्यांपेक्षा फार तापला असेल आणि हात ठरत नसेल, तर बेअरिंग गेले आहे किंवा जायच्या बेतात आहे असे समजावे. त्याच वेळी चाकांचे नट पाना लावून पाहावेत. चाक नुकतेच बदललेले असेल तर हे विसरूच नये, कारण नवीन आवळलेले नट थोडे चालल्यावर सैल पडतात.

पहिली दहा मिनिटे

समजा, सगळे पाहूनही ट्रॉली बसली. आता पहिली दहा मिनिटे महत्त्वाची. पुष्कळ जण आधी वाकून चाक पाहतात, मग मालकाला फोन लावतात आणि मागच्या रस्त्याची आठवण सगळ्यांत शेवटी होते. हा क्रम उलटा करा.

एक. चालवता येत असेल तर वाहन आधी वळण, पूल आणि चढ यांवरून बाहेर काढा. टायर बसला असला तरी पहिल्या गिअरमध्ये हळूहळू पुढे रुंद जागेपर्यंत न्यावे. टायर गेला तर गेला. वळणावर जीव जाण्यापेक्षा ते स्वस्त. मात्र चाक निसटायला आले असेल किंवा हूक सुटत असेल तर एक वितही हलू नये.

दोन. ट्रॅक्टर गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढा आणि उताराच्या बाजूने दोन्ही ट्रॉल्यांच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, हे ध्यानात असू द्या. ठोकळे लावल्याशिवाय पिनेला हात लावायचा नाही.

तीन. मागे खूण करा. ती कितीवर करावी याचा हिशेब सोपा आहे. ताशी ६० किलोमीटरने येणारी मोटारसायकल सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. माणसाला समोरचे उमजून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद जातो, म्हणजे २५ मीटर गेले. पुढे गाडी थांबायला आणखी तेवढेच अंतर लागते. एकूण ५० मीटर. म्हणून ट्रॉलीला टेकून ठेवलेल्या खुणेचा काही उपयोग नाही. गावरस्त्यावर मागे निदान सत्तर पावले चालत जाऊन चमकणारा लाल त्रिकोण ठेवावा. हमरस्त्यावर त्याच्या दुप्पट पावले जावे. वळण असेल तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे ठेवावा, म्हणजे वळण्याआधीच तो दिसेल. रस्ता अरुंद असेल तर पुढच्या बाजूलाही एक खूण हवी.

त्रिकोण नसेल तर लुकलुकणारी लाल बॅटरी चालेल. झाडाची फांदी किंवा वाढ्याची पेंढी दिवसा ठीक, रात्री तिचा उपयोग नाही. आणि पाचट किंवा जुना टायर पेटवून खूण करण्याची रीत कोठे कोठे आहे, ती सोडून द्या. वाळलेले पाचट आणि वीस टन ऊस शेजारी असताना जाळ करणे म्हणजे नसते संकट ओढवून घेणे.

चार. मगच फोन. गट ऑफिसला आणि स्लिपबॉयला जागा, ट्रॉलीचा नंबर व सभासदाचे नाव कळवा. रस्ता अडला असेल तर ११२ वर पोलिसांना सांगा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा मदतीचा नंबर आहे.

जॅक लावताना

भरल्या ट्रॉलीचे वजन ऊस धरून दहा-बारा टन होते. चार चाकांवर वाटले तरी एका चाकावर तीन टनांच्या आसपास भार येतो. जीपचा जॅक येथे चालत नाही. दहा टनी जॅक ट्रॅक्टरवर हवाच.

चाकाचे नट जॅक लावण्याआधीच, चाक जमिनीवर असताना, थोडे सैल करून घ्यावेत. मग जॅक एक्सलखाली, पाट्याच्या जवळ लावावा. साईडपट्टीची माती भुसभुशीत असते, तेव्हा जॅकखाली जाड फळी घालावी, नाहीतर ट्रॉली वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो. ट्रॉली उचलली की लगेच एक्सलखाली लाकडी ओंडका सरकवावा. जॅक हा उचलण्यासाठी आहे, पेलून धरण्यासाठी नाही. नुसत्या जॅकवरच्या ट्रॉलीखाली डोकेच काय, हातही घालू नये. तोडणी टोळीतल्या बाया-पोरे जवळ असतील तर त्यांना आधी दूर बसवावे. उसावर चढून कोणी बसले असेल तर त्याला खाली उतरवावे.

बिघाड आणि उपाय

टायर फुटला : स्टेपनी चढवताना नट एकाआड एक, समोरासमोरचे आवळावेत. ट्रॉली खाली टेकल्यावर पुन्हा एकदा आवळावेत आणि दोन-तीन किलोमीटरवर थांबून परत पाना फिरवावा. ज्या डिस्कला लोखंडी रिंग असते ती रस्त्यात स्वतः खोलण्याच्या फंदात पडू नका. ट्यूबमधली हवा पूर्ण सोडल्याशिवाय रिंगला टॉमी लावायची नाही. हवा भरतानाही रिंग नीट बसलेली नसेल तर ती गोळीसारखी उडते. हे काम पंक्चरवाल्याकडेच, चाकाला साखळी गुंडाळून करून घ्यावे, आणि हवा भरताना समोर कोणी उभे राहू नये.

हब तापला : गरम हबवर पाणी ओतू नका. तापलेले लोखंड एकदम गार केले तर तडकते आणि उरलेसुरले ग्रीसही वाहून जाते. आपोआप निवू द्यावे. नुसते ग्रीस आटले असेल तर निवल्यावर ग्रीस भरून, हळूहळू जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येते. चाक उचलून वर-खाली धरून हलवून पाहावे. ते खडखडत असेल तर बेअरिंग फुटले आहे. तसेच रेटले तर बेअरिंगबरोबर एक्सलचे टोकही जाते, आणि हजाराचे काम कितीतरी पटीने वाढते.

हुकाची पिन तुटली : पिनेच्या जागी सळई, पहार किंवा हाती लागेल तो बोल्ट घालून निघणारे पुष्कळ आहेत. असा बोल्ट सपाटीवर टिकतो आणि चढावर तुटतो. चढावर तुटला की भरलेली ट्रॉली मागे सुटते, तिला अडवणारे काही नसते. त्याच मापाची पिन आणि तिला खाली लॉक, शिवाय ट्रॅक्टर-ट्रॉलीला जोडणारी साखळी, एवढे असल्याशिवाय फड सोडू नये. एक जादा पिन पेटीत ठेवावी. फार खर्च नाही.

पाटा किंवा एक्सल मोडला : येथे रस्त्यातल्या दुरुस्तीचा नाद सोडा. ऊस दुसऱ्या वाहनात घेणे हाच मार्ग.

जोडट्रॉलीतली मागची ट्रॉली बसली तर ड्रायव्हरला मोह होतो, की मागची येथेच सोडावी आणि पुढची घेऊन कारखाना गाठावा. हरकत नाही, पण मागच्या ट्रॉलीपाशी बॅटरी घेऊन एक माणूस थांबला पाहिजे. बिनदिव्याची, बिनमाणसाची ट्रॉली रस्त्यावर सोडून जाऊ नये. वाहन धोका होईल असे रस्त्यात सोडण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ ने मनाई आहे. पण कायद्याचे जाऊ द्या, आपल्याला रात्री झोप लागली पाहिजे.

ऊस पलटी करताना

ऊस दुसऱ्या ट्रॉलीत भरायचा झाला तर तो रस्त्यावर ओतू नये, कडेला मोकळ्या जागेत उतरावा. दुसरे वाहन यायला वेळ असेल तर मोळ्या दाट रचून वर पाचट झाकावे आणि पाणी मिळाले तर शिंपडावे. त्याने ऊस कमी वाळतो. पावतीवर ट्रॉलीचा बदललेला नंबर स्लिपबॉयकडून लिहून, सही घेऊन मगच वाहन हलवावे, म्हणजे काट्यावर वाद होत नाही. या वेळी सभासद स्वतः किंवा घरचे कोणी हजर असावे. आपला ऊस कोठे गेला, किती गेला, हे आपणच पाहिले पाहिजे.

अपघात झालाच तर

जखमीला आधी पाहा. १०८ वर फोन केला की रुग्णवाहिका येते. कायद्याप्रमाणे जखमीला दवाखान्यात पोचवण्याची आणि पोलिसांना चोवीस तासांच्या आत कळवण्याची जबाबदारी ड्रायव्हरची आहे. जमाव चिडेल म्हणून पळून जाण्याने गुन्हा कमी होत नाही, वाढतो. रस्त्याने जाणाऱ्या आपल्यासारख्यांनीही हात आखडता घेऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीपासून अपघातात मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण दिलेले आहे. त्याला नाव-गाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

ज्यांच्या घरी स्वतःची ट्रॉली आहे अशा सभासदांनी आणखी एक पाहावे. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणजे ट्रॉलीचाही झाला असे नव्हे. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते. विम्याच्या कागदावर तिचा नंबर आहे का, हे आजच कपाट उघडून बघा.

निघताना

आता हा लेख का लिहिला ते सांगतो.

माझी पहिली ट्रॉली होती तेव्हाची गोष्ट. ओढ्याच्या पुढच्या वळणावर सांजवेळी टायर फुटला. बरोबर थोरले बंधू होते. आम्ही शेताच्या बांधावरचे दगड आणून चाकांना लावले, आणि मागून कोणी आदळू नये म्हणून चार मोठे दगड रस्त्यावर मांडले. चाक बदलता बदलता रात्रीचे दहा वाजले. काट्यावर नंबर लागला पाहिजे म्हणून घाई. दादा म्हणाले, "आरं, दगड?" मी म्हणालो, "सकाळी रिकामी ट्रॉली घेऊन येताना काढू की." आणि आम्ही निघालो.

पहाटे वस्तीवरचा एक पोरगा सायकलला दुधाच्या किटल्या लावून डेअरीला निघाला होता. त्याला दगड दिसला नाही. तो वाचला, पण त्याचा गुडघा पुन्हा कधी सरळ झाला नाही. आणि आम्ही ज्या नंबरासाठी पळालो होतो, तो आमचा नंबर दुसऱ्या दिवशी दुपारी लागला.

त्या पोराचे वडील आपल्याच कारखान्याचे सभासद. त्यांनी फिर्याद केली नाही की भांडण काढले नाही. आठ दिवसांनी ते आमच्या घरी आले, सोप्यात टेकले, पाणी प्याले आणि एवढेच म्हणाले, "पावणं, चार दगड उचलायला किती येळ लागला आसता?"

दोन मिनिटे लागली असती. हे उत्तर मला तेव्हाही माहीत होते, पण तोंडातून फुटले नाही. तो पोरगा आज पन्नाशीकडे आलेला माणूस आहे. वार्षिक सभेला येतो, भेटला की बोलतो. तो पायरी चढताना मी अजून दुसरीकडे बघतो.

म्हणून सांगतो, दुरुस्ती झाली म्हणजे काम संपले असे नाही. निघण्यापूर्वी बॅटरी घेऊन रस्त्यावर एक फेरी मारावी. दगड, ठोकळे, फांद्या, सांडलेला ऊस, फुटलेल्या टायरचे तुकडे, सगळे कडेला करावे. त्रिकोण सगळ्यांत शेवटी उचलावा. दगडाऐवजी दोरी बांधलेले लाकडी ठोकळे वापरले तर ते मागे राहत नाहीत, कारण ठोकळा आपला असतो, तो परत न्यायचा असतो. दगड कोणाचाच नसतो.

हंगामाआधी एवढे करा

हंगामापूर्वी चारही हब खोलून, बेअरिंग रॉकेल किंवा डिझेलने धुऊन, नवे ग्रीस आणि नवे सील घालावे. टायरची हवा सगळीकडे सारखी असावी, कारण कमी हवेचा टायर भाराखाली तापून फुटतो. ट्रॉलीला पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल चमकपट्टी लावावी. एक चूक मात्र नेहमी होते. पट्टी लावलेली असते, पण उसाची वाढी मागे लोंबून ती झाकली जाते. म्हणून भरणी झाल्यावर मागे उभे राहून पाहावे, आणि चमकपट्टीचे एक कापड उसाच्या शेंड्यांवरून बाहेर बांधावे. मागच्या दिव्याची वायर रोज तपासावी, ती फडात हमखास तुटते.

ट्रॅक्टरच्या पेटीत एवढे सामान असू द्यावे : दहा टनी जॅक, जाड फळी, दोन ओंडके, दोरी बांधलेले चार ठोकळे, चाकपाना, जादा पिन व लॉक, ग्रीसचा डबा, दोन चमकणारे त्रिकोण, लुकलुकणारी लाल बॅटरी आणि हातबॅटरी.

वाहन आपले नसले तरी ऊस आपला आहे. फडात भरणी चालू असताना सभासदाने ड्रायव्हरला एवढेच विचारावे, "दादा, त्रिकोण हाय का? ठोकळं हायती का?" रागाने नव्हे, चहाचा कप पुढे करता करता विचारावे. आपण विचारतो हे कळले, की पुढच्या खेपेला ते सामान पेटीत आपोआप येते.

हंगाम सर्वांना सुखाचा जावो.

— एक सभासद